विमान वावरात कसे उतरले

सोयाबीन निघून हरभरा पेरला जाईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या वावरांवर फोमचे छोटे विमान घिरट्या घालताना दिसले, तर धुऱ्यावर थांबलेल्या कास्तकाराचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, 'फवारणीचं हाय का?' फवारणीचे ड्रोन अलीकडचे. रेडिओवर विमान उडवण्याचा छंद त्यांच्यापेक्षा कितीतरी जुना आहे. तो मोठ्या शहरांतल्या मैदानांवरून विदर्भातल्या वावरात यायला मात्र फार वर्षे लागली, कारण तीन गोष्टी अडून बसल्या होत्या: रेडिओ, इंजिन आणि लाकूड. त्या एकेक करून कशा सुटल्या हे कळले, की आज विमान का पडते तेही बरेचसे कळते.

मॉडेल विमान रेडिओच्या आधीचे आहे. 1871 साली अल्फोन्स पेनो याने पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे विमान उडवून दाखवले. पंख, मागे शेपटी आणि दोन्हींच्या कोनांतून आपोआप साधलेला तोल ही त्याची मांडणी आजच्या शिकाऊ विमानातही तशीच आहे. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी बोट दाखवली. या दोन गोष्टी नीट एकत्र आल्या त्या 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांच्या 'गफ' विमानात. दुसऱ्या महायुद्धात हेच तंत्र तोफांच्या सरावासाठी लागणाऱ्या लक्ष्य-विमानांत हजारोंच्या संख्येने वापरले गेले. युद्धानंतर छंद म्हणून ते पसरू लागले.

त्या काळचा रेडिओ आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. रिसीव्हरमध्ये काचेचा व्हॉल्व्ह, त्याला लागणाऱ्या जड बॅटऱ्या आणि चॅनल एकच. बटण दाबले की पिळलेल्या रबराच्या जोरावर एक चाक पाव फेरी फिरे आणि रडर (शेपटीचे उभे, वळणारे पृष्ठ) एका बाजूला पूर्ण वळे. सोडले की मध्यभागी. पुढच्या दाबाला दुसरी बाजू. थोडेसे वळवणे हा प्रकारच नव्हता आणि रबराचा पीळ संपला की नियंत्रणही संपले. पुढे कंप पावणाऱ्या पात्यांची रीड पद्धत आली आणि 1960 च्या दशकात प्रपोर्शनल पद्धत, म्हणजे ट्रान्समीटरवरची काडी जेवढी हलवाल तेवढेच विमानाचे वळणारे पृष्ठ हलणार. तेव्हा ठरलेली भाषा सर्वो, म्हणजे ही पृष्ठे हलवणारी छोटी मोटर, अजून बोलतो. 1.5 मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे मध्य, 1 आणि 2 म्हणजे दोन टोके, सेकंदाला साधारण 50 वेळा. म्हणूनच आजचा 9 ग्रॅमचा सर्वो जवळपास कोणत्याही कंपनीच्या रिसीव्हरला लागतो.

आपल्याकडे मात्र 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा होता. प्रक्षेपण करणारे यंत्र विनापरवाना बाळगणे हाच गुन्हा. शहरातल्या क्लबाला कागदपत्रे जमत, गावातल्या मुलाला ती कोण मिळवून देणार? त्यामुळे विदर्भातल्या कित्येकांनी मॉडेल विमान पहिल्यांदा हाताळले ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये, आणि तिथे रेडिओपेक्षा कंट्रोल लाइनचा जोर होता. विमान दोन बारीक पोलादी तारांना बांधलेले, तारा साधारण 15 ते 18 मीटर, टोकाला हातात धरायची मूठ. विमान उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरते. मनगट वर-खाली केले की बेलक्रँक या छोट्या तरफेमार्फत एलेव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली नेणारी शेपटीची आडवी पट्टी, हलतो. यात परवाना नको आणि रेडिओचा खर्चही नाही. एनसीसीच्या वायुसैनिक शिबिरांतली एरोमॉडेलिंगची स्पर्धा याच वळणाने वाढली. वारा कोणत्या बाजूने आहे हे अंगाला कळण्याचे शिक्षण कंट्रोल लाइनइतके दुसऱ्या कशात मिळत नाही. तारा सैल पडल्या की नियंत्रण गेले, म्हणून विमान बाहेरच्या बाजूला ओढत राहील अशीच त्याची जुळणी असते: रडर थोडा बाहेर वळलेला, बाहेरच्या पंखाच्या टोकाला शिशाचा तुकडा.

इंजिनाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. कोलकात्यात बनणारी ऑरोरा इंजिने बऱ्याच भारतीय शौकिनांच्या हातून गेली. 1947 च्या सुमारास रे आर्डेन याने ग्लो प्लग (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) बाजारात आणल्यावर जगभर मेथॅनॉलवर चालणारी इंजिने पसरली, पण मेथॅनॉल आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू नाही. त्यापेक्षा सोयीचे ठरले ते मॉडेल डिझेल. पेट्रोल पंपावरच्या डिझेलशी त्याचा संबंध नाही. इथर, रॉकेल आणि एरंडेल तेल सारख्या भागांत मिसळले की झाले इंधन. ठिणगी नको, प्लग नको, दाबानेच पेट घेते. रॉकेल आणि एरंडेल गावात होतेच, अडायचे इथरपाशी. इथर उघड्यावर झपाट्याने उडून जाते. अर्धवट झाकलेल्या बाटलीतले मिश्रण दोन दिवसांनी पेटत नसे आणि दोष इंजिनाला दिला जाई. इथरची वाफ जमिनीलगत पसरते, लांबच्या ठिणगीनेही भडकते, त्यामुळे बंद खोलीत मिश्रण करणे धोक्याचे. वापरानंतर टाकीत उरलेले एरंडेल चिकट होऊन पिस्टन धरून ठेवते. उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करायची, उरलेले इंधन जळून जाईपर्यंत इंजिन चालवायचे आणि दोन थेंब पातळ तेल आत सोडायचे, हा नेम पाळणाऱ्यांची इंजिने पिढी ओलांडून टिकली आहेत.

लाकूड म्हणजे बाल्सा. हे दक्षिण अमेरिकेतले, प्रामुख्याने इक्वेडोरमधून येणारे लाकूड हलके आणि तरीही ताठ. आपल्याकडे ते आयातच करावे लागे. एक विमान बांधायला आठवडे लागत आणि जमिनीवर आपटले की परत आठवडे. नवशिक्याला वर्षभरात मोजकीच उड्डाणे मिळत. छंद आटोक्यात राहण्याचे सर्वांत मोठे कारण पैशांपेक्षा हेच असावे.

मग सगळे थोड्याच वर्षांत बदलले. जुन्या 27, 35, 72 मेगाहर्ट्झच्या रेडिओत एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर लावला की एकाचे विमान पडलेच, म्हणून मैदानावर चॅनलच्या क्रमांकाचे चिमटे लटकत आणि चिमटा ज्याच्या हातात त्यानेच स्विच लावायचा असे. जानेवारी 2005 मध्ये भारत सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रे परवान्यातून मोकळी केली. त्याच सुमारास छंदासाठीचे 2.4 गिगाहर्ट्झचे रेडिओ बाजारात आले, जे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची आपसात जोडी बांधून घेतात. चिमट्याचे काम संपले. 72 मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला मीटरभर लांब तार लागे, आता उघडे टोक जेमतेम 31 मिलिमीटर. पण या लाटांचे स्वतःचे दुखणे आहे. पाण्याने भरलेली पाने आणि माणसाचे शरीर त्या शोषून घेतात. पावसाळ्यात बाभळीच्या रांगेमागे विमान गेले की संपर्क तुटतो तो यामुळे. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात हव्यात, कार्बनच्या दांडीला आणि बॅटरीला चिकटलेल्या नकोत. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक थेट विमानाकडे रोखू नये, कारण टोकाच्या दिशेलाच लाट सर्वांत क्षीण असते.

इंजिनाची जागा ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीने घेतली. गावात सर्वाधिक चालणारी जोडणी साधी आहे: 2212 आकाराची 1000 केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) मोटर, 10 बाय 4.5 इंची पंखा, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), 9 ग्रॅमचे तीन-चार सर्वो आणि 3 सेलची 2200 एमएएच बॅटरी. एवढ्यात 800 ग्रॅमच्या आसपास ओढ मिळते, म्हणजे 800-900 ग्रॅमचे शिकाऊ विमान सुखाने उडते. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. सरासरी 10 अँपिअर लागत असतील तर बॅटरीचा 80 टक्के भाग दहा मिनिटांत संपतो, म्हणून टायमर आठ मिनिटांचा लावावा.

ही बॅटरी इथरइतकीच काळजी मागते. सेल भरलेला 4.2 व्होल्ट, ठेवणीतला 3.8 ते 3.85, आणि उडताना 3.5 च्या खाली जाऊ देऊ नये. 2200 एमएएचला चार्जिंग 2.2 अँपिअरनेच. ते लोखंडी पेटीत किंवा फरशीवर, डोळ्यांसमोर करावे. बहुतेक हॉबी चार्जर 12 व्होल्टवरही चालतात, त्यामुळे लाइट गेली तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम होते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवली की फुगणारच. फुगलेली बॅटरी परत उडवायची नसते.

लाकडाचा प्रश्न फोमने सोडवला. फोम शीट आणि जाहिरातींच्या फलकांची पोकळ प्लॅस्टिक शीट हे दोन्ही तालुक्याला मिळते. एका दुपारी पंख कापून होतो, आपटला तर संध्याकाळपर्यंत चिकटतो. पंखात बांबूची कामटी किंवा कार्बनची नळी आडवी घातली नाही, तर जोरात वर खेचताना तो मधोमध दुमडतो. फेविक्विकसारखा गोंद थर्माकोल विरघळवतो. ग्लू-गनचा गोंद लगेच धरतो खरा, पण मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या विमानात मऊ पडतो. मोटर माउंट आणि सर्वो केवळ त्यावर सोडू नयेत, झिप-टाय किंवा स्क्रूने बांधावेत.

इथून पुढचे विदर्भाने शिकवलेले. 45 अंशांच्या दुपारी हवेची घनता हिवाळी सकाळपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी असते. पंखांना तेवढेच वजन पेलायला पाचेक टक्के जास्त वेग लागतो. डिसेंबरात ज्या वेगाने अलगद उतरले त्याच वेगाने मे महिन्यात उतरवायला जावे तर विमान शेवटच्या दोन मीटरवर एका बाजूला झुकून पडते. नऊनंतर तापलेल्या काळ्या मातीवरून गरम हवेचे स्तंभ उठू लागतात. घारी ज्या जागी पंख न हलवता चढतात तिथे ग्लायडरही मोटर बंद करून चढतो, पण वावटळ दिसली की विमान खाली आणावे. उन्हाळ्यातल्या भेगांत चाक अडकते म्हणून चाके काढून हाताने फेकून उडवणे आणि पोटावर उतरवणे चांगले. पऱ्हाटीचे खुंट उभे असलेल्या वावरात तेही नको, खुंट फोममधून आरपार जातो. आणखी एक गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहकण असतात. पोटावर उतरलेल्या विमानाच्या मोटरमधले चुंबक ते ओढून घेतात आणि मोटर करकरू लागते. फडक्याने ते निघत नाहीत. पंक्चरच्या दुकानातल्या हवेने उडवावेत, उरलेले चिकटपट्टीच्या टोकाने टिपावेत.

उडवण्याआधी गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून 25 ते 30 टक्क्यांवर हवा, म्हणजे 20 सेंटिमीटर रुंद पंखाला 5 ते 6 सेंटिमीटर. बॅटरी पुढे-मागे सरकवून तो साधावा. तो मागे गेला तर पहिल्याच वळणात विमान हाताबाहेर जाते. काडी उजवीकडे नेल्यावर उजवे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जाते का ते मागे उभे राहून पाहावे. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबली पाहिजे, न थांबल्यास फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की मोटर आपोआप बंद करण्याची सोय, लावलेला नाही (हे तपासताना पंखा काढून ठेवावा). बिजागरी घट्ट असली की सर्वो सतत घुरघुरतो, ईएससीतून मिळणारा 5 व्होल्ट खाली पडतो आणि रिसीव्हर हवेतच क्षणभर बंद होतो. 'सिग्नल गेला' म्हणून सांगितले जाते त्यातले बरेच अपघात या बिजागरीचे असतात. शेतीपंपाच्या 11 केव्ही (इथे किलोव्होल्ट) तारांवर विमान अडकले तर बांबूने काढू नये, लाइनमनला बोलवावे.

चौथा अडसर नंतर आला, तो ड्रोनमुळे. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत, 25 किलोपर्यंतचे, नजरेच्या टप्प्यात आणि केवळ शिक्षण, संशोधन, चाचणी वा करमणुकीसाठी उडणारे यान 'मॉडेल' या वेगळ्या वर्गात आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे यानाच्या बनावटीला सरकारी मान्यतेची, सक्ती नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या यानाला, तसेच बिनव्यावसायिक वापराच्या 2 किलोपर्यंतच्या यानाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. नागपूर सगळ्यांच्या लक्षात राहते. पण गोंदियाजवळ बिरसीला शिकाऊ वैमानिकांची विमाने फिरतात, पुलगावला दारूगोळा भांडार आहे, भंडारा आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहेत, ताडोबा-मेळघाटच्या कडेला वनविभाग आहे. त्या नकाशावर आपले वावर कोणत्या रंगात येते ते हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि नवीन जागी जाताना प्रत्येक वेळी पाहून घ्यावे.