कुत्र्यांच्या क्लासला येण्याआधी एवढं वाचून या

नमस्कार मंडळी! नवीन बॅचला नाव दिलंत त्याबद्दल थँक्यू. पत्रक जरा लांब झालंय, पण काय होतं की पहिल्या रविवारी सगळ्यांचे तेच तेच प्रश्न असतात आणि त्यात अर्धा तास जातो, म्हणून यावेळी आधीच लिहून देतेय. चहा घेता घेता वाचून टाका.

सगळ्यात आधी, पहिल्या रविवारी कुत्र्याला घरीच ठेवून यायचं. हो, बरोबर वाचलंत. त्या दिवशी क्लब हाऊसमधे फक्त माणसं, आणि त्यातलीच निम्मी कुत्री होतात. म्हणजे एकाने मनात ठरवायचं की समोरच्याने जाऊन निळ्या खुर्चीवर बसायचंय, पण तोंडाने सांगायचं नाही, खूण करायची नाही, तो बरोबर दिशेने हलला की फक्त 'यस' म्हणायचं आणि एक चॉकलेट द्यायचं. मागच्या बॅचला सेक्रेटरीकाका कुत्रा झाले होते. पाच मिनिटात खुर्ची गाठतच होते, तेवढ्यात मागून कोणीतरी "अहो नाही नाही, तिकडे नाही" ओरडलं आणि काका जे जागच्या जागी उभे राहिले ते हलेचनात. खाली बसल्यावर म्हणाले, "चुकलं एवढंच कळलं, पण करायचं काय ते कुठे कळलं." तुमच्या कुत्र्याचं दिवसभर घरी हेच होतं. चप्पल खाऊ नको, सोफ्यावर चढू नको, भुंकू नको. मग करू काय, ते त्याला कोणी सांगतच नाही.

आमची पद्धत एका वाक्यात सांगायची तर, ज्यातून फायदा होतो ते कुत्रा परत परत करतो आणि ज्यातून काहीच मिळत नाही ते हळूहळू सोडतो. हे काही आम्ही शोधलेलं नाही हं. 1898 मधे थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने भुकेल्या मांजरांना पेटीत ठेवून बघितलं की दार उघडायला कशा शिकतात, पुढे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्याच्यावर आख्खं शास्त्र उभं केलं. पण तुमच्या हॉलमधे हे कसं दिसतं ते बघा: पाहुणे आले, कुत्रा अंगावर उडी मारतो, तुम्ही त्याला दोन्ही हातांनी धरून "नको रे, नको रे" करता. तुमच्या मते तुम्ही रागावलात. त्याच्या मते त्याला बघितलं, हात लावला, बोललात, म्हणजे पगार झाला! तो उद्या परत उडी मारणारच. त्यापेक्षा उडी मारली की पाहुण्यांनी पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीला लागले की त्याच क्षणी खाऊ, तोही खालीच, त्याच्या पायाशी. पहिले काही दिवस उड्या उलट वाढतील, लिफ्ट आली नाही की आपण बटण जास्त जोरात दाबतो ना तसंच आहे ते. तिथे धीर सोडून एकदा जरी लाड केलेत तर पुढच्या वेळी तो अजून जास्त वेळ चिवटपणा करेल.

टायमिंग फार महत्त्वाचं, खाऊपेक्षासुद्धा. कुत्रा बसला की एका सेकंदाच्या आत 'यस'. तुम्ही खिशात हात घालून प्लास्टिकची पिशवी सोडवत बसलात तर तोपर्यंत तो उठलेला असतो आणि मग बक्षीस उठण्याचं मिळतं. म्हणून आधी शब्द, मग आरामात खाऊ. पट्ट्याची कडी वाजली की कुत्रा दारात हजर असतो की नाही? तसाच 'यस' ऐकला की आता काहीतरी येणार हे त्याच्या डोक्यात बसतं.

आता शब्दांचं. हा मराठी घरातला खास घोळ आहे. बाबा म्हणतात 'सिट', आई म्हणते 'खाली बस', आजी प्रेमाने 'बस रे बाळा बस', आणि तो भुंकला की सगळे मिळून 'बास! बास!' आता बस आणि बास यातला फरक त्या बिचाऱ्याने कसा ओळखायचा? घरात बसून एक शब्द ठरवा, कागदावर लिहून फ्रीजवर लावा, कामवाल्या मावशींना पण सांगा. कुठल्याही भाषेतला चालेल, आमच्याकडे एक इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, 'टेक' म्हटलं की बसते. शिवाय हाताची खूण सगळ्यांची सारखी ठेवा, शब्दापेक्षा खूण कुत्र्याला लवकर कळते.

खाऊ म्हणून ग्लुकोजची बिस्किटं आणू नका प्लीज. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं पनीर, उकडलेलं अंडं, शाकाहारी घर असेल तर गाजराचे तुकडे, सगळं चालतं. तुकडा अर्ध्या शेंगदाण्याएवढा, त्याहून मोठा नको, कारण तासाभरात साठ-सत्तर तुकडे जातात आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण आणि शुगर फ्री च्युइंगगम कुत्र्याला विषारी आहेत. पहिल्या दिवशीची ती चॉकलेटं माणसांचीच, उरलेली खिशात ठेवून घरी नेऊ नका!

"मारल्याशिवाय ऐकत नाही हो आमचा" असं दर बॅचला कोणीतरी म्हणतंच. मी त्यांना हसत नाही कारण मीसुद्धा तेच केलंय. आमचा मोती लहान असताना एका ट्रेनरच्या सांगण्यावरून आम्ही चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणली, झटका द्यायचा की कुत्रा बसतो. बसायचा की! आठवड्यात शिकला, आम्ही खूष. मग एक दिवस मी कपाटातून चावी काढताना चेन खाली पडली आणि मोती पलंगाखाली जाऊन लघवी करून बसला. दोन तास आला नाही. बोलावलं की ये ही गोष्ट तर त्याला पुढे वर्षभर जमली नाही, कारण माझ्याकडे येणं म्हणजे काय हे मीच त्याला शिकवलं होतं. तेव्हा चोक चेन, काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा यातलं काहीही क्लासला आणायचं नाही. शॉकच्या पट्ट्यावर वेल्समधे 2010 पासून बंदी आहे. आणि ते 'आपण अल्फा, म्हणजे कळपाचा दादा, बनायचं' प्रकरण पकडून ठेवलेल्या लांडग्यांच्या जुन्या अभ्यासातून आलंय. ज्या मेक नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं, त्यांनी स्वतःच पुढे जंगलातले लांडगे बघून हा शब्द सोडला, तिथे कळप म्हणजे साधे आईबाप आणि पिल्लं.

क्लास सहा रविवार, सकाळी साडेसहा ते साडेसात. उशीर झाला की एप्रिल-मेमधे डांबर तापतं, हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचे पंजेपण भाजणार. पाऊस असेल तर हॉलमधे, तिथली फरशी गुळगुळीत आहे, म्हणून घरचं जुनं सतरंजीचं तुकडं आणा, त्यावर बसायला शिकला की तेच घेऊन डॉक्टरकडे, गावाला, कुठेही जाता येतं. बॅचला आठच कुत्री घेतो. पिल्लांना आठ आठवड्यांनंतर, पहिली लस होऊन सात दिवस झाले की घेऊन या. सगळं लसीकरण संपेपर्यंत घरात कोंडून ठेवायचा मोह होतो पण पहिले तीन महिने जग बघायचे असतात, छत्री, व्हीलचेअर, घंटागाडीचं गाणं, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. रस्त्यावर न उतरवता कडेवर घेऊन फिरवा, तेवढंही पुरतं.

चावणारा कुत्रा मात्र ग्रुपमधे घेत नाही. आणि आत्तापर्यंत शांत असलेला अचानक गुरगुरायला लागला असेल तर आधी डॉक्टर, कान किंवा कंबर दुखत असेल तर आम्ही काय शिकवणार.

राहिला सोसायटीचा प्रश्न. प्राणी कल्याण मंडळाने 2015 मधेच सांगितलंय की सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, पण शी उचलणं आपलं काम. क्लब हाऊस आपल्याला मिळतंय ते कमिटीच्या भरवशावर, तेव्हा पिशव्या विसरायच्या नाहीत. माजावर आलेली कुत्री असेल तर तेवढे रविवार एकटे या, राहिलेले क्लास पुढच्या बॅचला भरून देऊ. फी पहिल्या रविवारी. आणि हो, कुत्र्याला सकाळचं जेवण क्लासनंतर द्या, पोट भरलेल्या कुत्र्याला पनीरचं काही कौतुक नसतं.