क्लॅनची वंशावळ आणि चर्चची नोंदवही

टोरांटोतला एखादा मॅकेन्झी स्कॉटलंडमधलं आपलं घराणं शोधायला बसला की त्याच्या हाती दोन प्रकारचे कागद येतात. एक म्हणजे क्लॅनची, म्हणजे एका मुख्याला मानणाऱ्या आणि बहुधा त्याचंच आडनाव लावणाऱ्या स्कॉटिश समूहाची वंशावळ: अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, अशी थेट मध्ययुगात जाऊन पोचणारी साखळी. दुसरी म्हणजे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, चर्चमधली नोंदवही: कोणत्या तारखेला कुणाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. दोन्हीकडे नाव मॅकेन्झीच, म्हणून तो एकीच्या टोकाला दुसरी जोडून मोकळा होतो. इथेच घोळ होतो. बखर आणि दप्तर यांना आपण एकाच तागडीत तोलत नाही, मग इथे तरी का तोलावं?

वंशावळ ही मुख्याच्या घराण्याची असते आणि कुणीतरी, कशासाठी तरी लिहवून घेतलेली असते. मॅकेन्झींचंच बघा. सतराव्या शतकात या घराण्याने आपला मूळपुरुष म्हणून कॉलिन फिट्झजेराल्ड नावाचा एक आयरिश सरदार पुढे आणला. 1263 च्या लार्ग्जच्या लढाईत तो स्कॉटलंडच्या राजाच्या बाजूने लढला आणि बक्षीस म्हणून त्याला किंटेलची जमीन मिळाली, अशी कथा. एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात बेंजामिन वेस्टचं 1786 मधलं एक अवाढव्य चित्र आहे. त्यात राजा तिसरा अलेक्झांडर जमिनीवर पडलाय, चवताळलेलं सांबर त्याच्यावर चालून येतंय आणि हा फिट्झजेराल्ड भाला घेऊन मध्ये पडतोय. चित्र रंगवून घेतलं ते मॅकेन्झींच्याच तत्कालीन मुख्याने. घराण्याच्या चिन्हात सांबराचं डोकं आहेच, तेव्हा गोष्ट चपखल बसली.

ती खोटी ठरली ती एका जुन्या हस्तलिखितामुळे. 1467 साली गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, लिहिलेल्या या चर्मपत्रांवर हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, बऱ्याच क्लॅनच्या वंशावळी आहेत. एकोणिसाव्या शतकात विल्यम फोर्ब्स स्कीन या इतिहासकाराच्या ती हाती लागली. पुसट अक्षरं उठावीत म्हणून त्याने त्यांवर रसायन लावलं. त्याला हवं ते वाचता आलं, पण पुढच्या अभ्यासकांसाठी पानं आणखी काळवंडली. (अशा उत्साहाचं काय करावं?) त्यातल्या मॅकेन्झींच्या साखळीत फिट्झजेराल्डचा पत्ताच नाही, ती जाते एर्डच्या गिलोइनकडे, म्हणजे गेलिक मुळाकडे.

म्हणून 1467 ची वंशावळ अक्षरशः खरी मानायची का? तर तसंही नाही. अलीकडच्या पिढ्यांपर्यंत ती बरीच भरवशाची, पण वर वर जाल तसे कित्येक क्लॅन डालरियाडा या जुन्या गेलिक राज्याच्या त्याच त्या प्राचीन राजांना जाऊन भिडतात. कोण कुणाचा नातलग म्हणवून घेत होता, त्या काळी कोण कुणाच्या गोटात होता, हे तिथून छान कळतं. बायका मात्र तिथे नसतातच. सामान्य माणूसही नसतो.

तो सापडतो नोंदवहीत. बाप, मूल, गाव आणि बहुतेकदा आई, तीही तिच्या माहेरच्या आडनावासकट. स्कॉटिश कागदांची ही फार मोठी सोय. पण या वहीत आडनाव हा रक्ताचा पुरावा नव्हे. मुख्याच्या जमिनीवर राहणारी कुळं, आसऱ्याला आलेली माणसं त्याचं नाव लावत. लुईस बेट मॅक्लाउडांचं होतं, 1610 मध्ये ते मॅकेन्झींकडे आलं. तिथल्या स्टॉर्नोवेचा कॉलिन मॅकेन्झी पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला आणि त्याने दख्खनभरच्या कैफियती गोळा करवल्या. इतरांच्या घराण्यांची दप्तरं जमवणाऱ्या या माणसाचं किंटेलच्या मुख्याशी नातं काय, हे निव्वळ त्याच्या आडनावावरून सांगता येत नाही. मॅकग्रेगर या दुसऱ्या क्लॅनचं उलट झालं. 1603 मध्ये ते नाव लावणंच गुन्हा ठरवलं गेलं. मधली काही वर्षं सोडता बंदी थेट 1774 मध्ये उठली. तोवर कुणी कॅम्पबेल झाला, कुणी ड्रमंड, कुणी ग्रँट. तेव्हा नोंदवहीतला कॅम्पबेल मुळात मॅकग्रेगरही असू शकतो.

शिवाय वही अपुरी. सर्वांत जुनी, पर्थशायरमधल्या एरोलची, 1553 पासूनची आहे. हायलँड्समध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी ती अठराव्या शतकात किंवा त्याहूनही उशिरा सुरू होते. कॅथलिक आणि एपिस्कोपल (बिशपांना मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाची) कुटुंबं तिच्यात अनेकदा नसतात. 1783 ते 1794 दर नोंदीला तीन पेनी कर होता, तेव्हा पुष्कळांनी नोंद करायचंच टाळलं.

खरी भक्कम नोंद 1 जानेवारी 1855 पासूनची, म्हणजे सरकारी. आणि शोधाला बसलेल्याने जन्माच्या आधी मृत्यूचा दाखला काढावा. त्यावर मृताचे वडील आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. 1855 मध्ये ऐंशीव्या वर्षी गेलेल्या म्हातारीच्या एका दाखल्याने आपण 1775 च्या आसपासच्या जोडप्यापर्यंत पोचतो. फक्त माहिती कुणी दिली तेही पाहावं. जावयाला सासूच्या आईचं नाव ठाऊक असेलच असं नाही.

वंशावळ आणि नोंदवही यांच्यामधली दरी बुजवायला तिसरे कागद लागतात: 1617 पासूनची जमीन हस्तांतराची सासीन नोंदणी, वारसाहक्काचे निवाडे, मृत्युपत्रं. मुख्याच्या धाकट्या शाखेकडे जमीन असेल तर त्यांच्या आधारे पिढ्या सांधता येतात. बिनजमिनीच्या कुळाचा माग मात्र बहुधा अठराव्या शतकातच थांबतो, आणि वंशवृक्षात त्याच्या वरचे चौकोन कोरे सोडावे लागतात.