पडद्यामागचं टेबल

गोव्यात पेडणे-सत्तरीकडे आरोग्य शिबिर भरलं की रक्तदाब आणि साखरेच्या टेबलापुढे बायकांची रांग लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी असते पडद्यामागे. तिकडे बोलावलं की उत्तर ठरलेलं, ‘माका तसलें कांय ना.’ त्या ‘तसलें’मध्ये आजार कमी आणि चारित्र्य जास्त. देशभरातही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनीच ही तपासणी कधीतरी करून घेतली होती.

आजाराचं नातं शरीरसंबंधाशी जोडलं ते डॉक्टरांनीच. 1842 साली, म्हणजे पणजीत वैद्यकीय शाळा निघाली त्याच वर्षी, डॉक्टर रिगोनी-स्टर्न यांनी इटलीतल्या वेरोनाच्या मृत्युनोंदी चाळल्या. हा कर्करोग विवाहितांत दिसे, मठातल्या नन्समध्ये क्वचितच. पुढे त्यामागचा एचपीव्ही विषाणू सापडला, तो शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008चं नोबेल मिळालं. विषाणू इतका सर्रास आहे की जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो गाठतो. पण हे वाक्य कुणाच्या कानावर पडत नाही.

गोव्यात तपासणीच्या भीतीला स्वतःचा इतिहासही आहे. डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करणारा तरुण. त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि 1989च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार तो 64 दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटा कोंडलेला होता. आई लुसी कोर्टात गेली. तो सुटला, पण कायदा कोर्टाने उचलून धरला. 1992 मध्ये तो वारला. आपणहून रक्त द्यायला गेलेल्या माणसाचं हे झालं, तर बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल! एचआयव्ही चाचणीसाठी संमती हवी, हे केंद्राच्या कायद्यात आलं ते 2017 मध्ये.

लसीचंही तेच. एचपीव्हीची लस 9 ते 14 वयात, शरीरसंबंध सुरू होण्याआधी द्यायची असते, आणि आया नेमक्या तिथेच अडतात, ‘एवढ्यात कशाला?’ गंमत म्हणजे हिपॅटायटिस बी शरीरसंबंधातूनही पसरतो, तरी त्याची लस बाळाला जन्मताच टोचतात. कावीळ म्हटलं की कुणाची भुवई हलत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वावॅक ही एचपीव्हीची लस 2023 मध्ये आली, पण ‘एवढ्यात कशाला’ला तिच्याकडेही उत्तर नाही.

आता एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच, बंद दाराआड घेता येतो. पडदा नको, टेबल नको. नळीवर नाव मात्र लिहावं लागतं.