काता कशासाठी घोटायचा?

जळगाव-भुसावळकडचे कराटेचे क्लास एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत आटपतात. कडेला थांबलेल्या पालकांना एक प्रश्न पडतोच: समोर कुणी नसताना पोरं हवेत हातपाय का मारतात? त्या ठरलेल्या क्रमाला काता म्हणतात, तायक्वांदोत पूमसे. विसर्जन मिरवणुकीत लाठी फिरवणारी आखाड्याची मुलंही आधी एकटीच हात बसवतात. पूर्ण ताकदीचा वार जोडीदारावर रोज करता येत नाही, हे त्यामागचं पहिलं आणि अगदी साधं कारण.

जपानमधल्या ओकिनावा बेटाच्या शाळांत 1900 नंतर कराटे आलं, तेव्हा तिथले कराटेगुरू आन्को इतोसू यांनी मुलांसाठी पाच छोटे काता बसवले. त्यांतलाच एक आज शोतोकान शैलीत ‘हेइआन शोदान’ म्हणून शिकवतात. हालचाली 21.

नवशिक्याला यातली प्रत्येक हालचाल वेगळी आठवावी लागते आणि सगळं लक्ष त्यातच संपतं. सरावाने हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. या जोडणीत मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो. लहान मेंदू ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्षात झालेली हालचाल यांतला फरक टिपून पुढची दुरुस्त करतो. क्रम असा अंगवळणी पडला की टाच, कंबर, श्वास यांकडे बघायला लक्ष मोकळं होतं. माझ्या मते खरी तालीम तिथून सुरू होते.

हेइआन शोदानमध्ये डोक्यावर येणारा वार अडवायच्या तिसऱ्या ब्लॉकनंतर पुढच्या पायावर पाऊण गिरकी घ्यायची असते. बहुतेक मुलं इथेच डगमगतात. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वळलं ते सांगतात, स्नायूंतल्या संवेदना पाय कुठे टेकला ते कळवतात, आणि शरीराचा गुरुत्वमध्य नव्या पवित्र्यातल्या दोन पावलांच्या आत आणावा लागतो. वेगात ही गडबड झाकली जाते. सावकाश केलं की उघडी पडते. म्हणून मुलं कंटाळली तरी गिरकी संथपणे करून घेणाऱ्या सरांचं मला फार कौतुक वाटतं.

पण प्रतिस्पर्धी कातातला क्रम पाळत नाही. शिया आणि मॉर्गन यांच्या 1979च्या प्रयोगात काहींनी हातांच्या हालचालींचा एकेक प्रकार सलग घोटला, काहींनी सगळे प्रकार आलटूनपालटून केले. सरावाच्या वेळी सलगवाले पुढे होते. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा आलटूनपालटून करणाऱ्यांना जास्त टिकलं होतं, आणि नव्या प्रकारातही तेच सरस ठरले.

त्यामुळे क्रम पाठ झाल्यावर काता मोडून खेळावा: मधूनच सुरू करावा, रोजची भिंत सोडून दुसरीकडे तोंड करावं, दोन हालचाली उचलून जोडीदाराच्या येणाऱ्या हातावर हळू लावून बघाव्यात. बेल्टच्या परीक्षेत एवढं विचारत नाहीत. माझ्या मते विचारायला हवं.