फटाका स्टॉलचा परवाना काढताय? आधी टेप घेऊन जागा मोजा

गणपती गेले की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात फटाक्याच्या परवान्यावाली मंडळी यायला लागतात. अर्ज टाइप करायचा, चलन भरून द्यायचं, कागद क्रमाने लावून फाइल करायची, एवढंच आमचं काम, पण तहसीलच्या दारात बसलं की कुणाची फाइल कशावरून परत आली हे न विचारता कळत जातं. दरवर्षी तेच ते सांगून तोंड दुखतं म्हणून यंदा एकदाच लिहून टाकतोय.

नव्वद टक्के घोळ असा असतो की माणूस माल आधी ठरवतो आणि जागा नंतर शोधतो. श्रावणातच होलसेलरला अॅडव्हान्स जातो, शिवकाशीचा माल बुक होतो, बॅनरसुद्धा छापून येतो, आणि मग "भाऊ, तेवढं परवान्याचं बघा" म्हणून आमच्याकडे. बाकीचे कागद आज नाही तर उद्या जमतात हो, पण जागा नियमात बसत नसेल तर तिला कुठला कागद लावला तरी ती बसत नाही.

आधी एक डोक्यात पक्कं करा, फटाका कायद्याच्या लेखी स्फोटक आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम, म्हणजे ज्या नियमांत बंदुकीची दारू आणि खाणीतले सुरुंग येतात त्यातच आपली फुलबाजी पण येते. त्यामुळे शॉप अॅक्ट आहे, उद्यमचं सर्टिफिकेट आहे, जीएसटी नंबर आहे, असं कितीही दाखवलं तरी त्याने फटाके विकायचा हक्क मिळत नाही. अर्ज एई-५ नमुन्यात आणि परवाना एलई-५ नमुन्यात, हे दोन नंबर पाठ ठेवा, खिडकीवर तेच विचारतात.

अर्ज कुठे द्यायचा इथेच पहिला हेलपाटा पडतो. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे हे काम आयुक्तालयाकडे असतं, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तिथे बहुतेक ठिकाणी शस्त्र परवान्याच्या फाइली बघणारी शाखाच हे बघते, काही जिल्ह्यांत खालच्या अधिकाऱ्यांमार्फत अर्ज घेतात. शहराच्या कडेला राहणाऱ्यांची यात फार फरफट होते. घर ग्रामपंचायतीत, स्टॉल टाकायचा तो पट्टा आयुक्तालयाच्या हद्दीत, आणि अर्ज कलेक्टर ऑफिसला. तो तीन आठवडे टेबलावर पडून राहतो आणि मग "आमच्याकडे येत नाही" एवढं एक वाक्य लिहून परत येतो. लक्षात ठेवा, हद्द तुमच्या घराची बघत नाहीत, जागेची बघतात. जागा कुठल्या पोलीस ठाण्यात येते ते आधी विचारून घ्या, बाकी रस्ता आपोआप कळतो.

आता जागा. दिवाळीपुरता तात्पुरता स्टॉल असेल तर शेड न जळणाऱ्या साहित्याची, बंद करता येणारी पाहिजे. म्हणजे पत्रा. मंडपवाला तुम्हाला सांगेल की सगळे कापडातच करतात, त्याचं ऐकू नका, आणि पत्र्याच्या शेडला आतून झालर लावून देतो म्हणाला तर त्यालाही हात जोडा. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर. शेडची तोंडं समोरासमोर नकोत. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. आणि ज्याच्यावर निम्म्या फाइली आपटतात ते म्हणजे संरक्षित बांधकामापासून ५० मीटर.

संरक्षित बांधकाम म्हटलं की लोकांना किल्ला, जुनं देऊळ असलं काहीतरी वाटतं, एकाने मला "आमच्याकडे पुरातत्व खात्याचं काहीच नाही" असं ठामपणे सांगितलं होतं. तसं नाहीये. माणसं जिथे राहतात, काम करतात किंवा जमतात ती कुठलीही इमारत यात धरतात, घर, शाळा, दवाखाना, मंदिर, मशीद, बाजार, कारखाना, धोकादायक पदार्थाचा साठा. डोक्यावरून जाणारी हाय टेन्शन लाइनसुद्धा. थोडक्यात भर वस्तीत, चौकात, मोक्याच्या जागी गिऱ्हाईक जास्त येतं म्हणून जी जागा तुम्हाला आवडते तीच नियमाला नको असते. मुंबई हायकोर्टाने पण निवासी भागात फटाक्याचे परवाने देण्यावर २०१६-१७ मध्ये कडक आदेश दिलेत, तेव्हा ओळखीने काम होईल या भ्रमात राहू नका.

अंतर मोजताना मोबाईलवर विसंबू नका. मागच्या खेपेला एक पोरगा आला होता, हुशार, नकाशा स्वतः काढून आणलेला, शेजारच्या घरापर्यंत ५४ मीटर असं मोबाईलवर मोजलेलं. मी म्हटलं टेप लावलीस का, तर हसला. पाहणीला माणसं आली, त्यांनी शेडच्या कोपऱ्यात एक जण उभा केला आणि दुसरा टेप ओढत त्या घराच्या पडवीपर्यंत गेला, भरले ४१ मीटर. पोराने मोजलं होतं शेडच्या मधोमधपासून घराच्या छपराच्या मधोमधपर्यंत, आणि पडवी तर मोबाईलच्या फोटोत नव्हतीच, ती नंतर वाढवलेली. त्याच मैदानात शेड पलीकडच्या टोकाला सरकवली असती तर बसलं असतं, पण नकाशा जोडून झालेला, नवा नकाशा म्हणजे ना-हरकती पुन्हा पहिल्यापासून, आणि दिवाळी अकरा दिवसांवर. म्हणून सांगतो, ३० मीटरची फायबर टेप हार्डवेअरच्या दुकानातून आणा, शेडच्या कडेपासून समोरच्याच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागापर्यंत मोजा, आणि काठावरची जागा घेऊच नका, चार-पाच मीटर हातचे ठेवा.

लोक कुरकुरतात की एवढं कशाला, आमचे आजोबा ओट्यावर टेबल टाकून विकायचे. खरंय, पण २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला, जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा अख्खा फटाका बाजार जळाला, शंभराहून जास्त स्टॉल भर दिवसा गेले. एक पेटला की शेजारचा पेटतो, तो तीन मीटरचा नियम त्यासाठीच आहे.

विजेचंही बघा. बल्ब वायरला लोंबकळत ठेवायचा नाही, भिंतीला किंवा छताला पक्का बसवायचा, बटणं पण पक्की, आणि शेडच्या प्रत्येक रांगेला एक मेन स्विच. तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत तर चालतच नाही. लक्ष्मीपूजनाला स्टॉलमध्येच पणती लावणारे महाभाग मी पाहिलेत, देव त्यांचं भलं करो. फटाका लावून दाखवायचा असेल तर तोही शेडपासून ५० मीटरच्या आत नाही. फायर एक्स्टिंग्विशर, वाळूच्या बादल्या, पाण्याचा ड्रम हे अग्निशमनवाले सांगतीलच.

बारमाही दुकान काढायचं असेल तर गणित वेगळं आणि जास्त अवघड. आपल्या बाजारपेठेत खाली दुकान वर घर हीच पद्धत, आणि नियमाला नेमकं तेच चालत नाही. दुकान तळमजल्यावर पाहिजे, पण त्याच्या वर कुणी राहत असेल तर नको. तळघर नको, पोटमाळा नको, जिन्याखाली किंवा लिफ्टच्या बाजूला नको. क्षेत्रफळ ९ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि २५ पेक्षा जास्त नको, म्हणजे मोठा गाळा आहे म्हणून खूश झालेला माणूससुद्धा इथे अडकतो. आत जायला रस्त्यावरून स्वतंत्र दार आणि वेगळं आपत्कालीन दार, दोन्ही बाहेर उघडणारी, शटर एके शटर असलेला गाळा त्यामुळे बाद. फटाक्याचं दुसरं दुकान किंवा ज्वलनशील मालाचा साठा १५ मीटरच्या आत नको, आणि पेठेत शेजारी पेंटचं नाहीतर रॉकेल-थिनरचं दुकान हमखास असतं. किराणा दुकानाच्या एका फळीवर परवाना मिळेल का असं विचारणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणतो. साठा मोठा असेल तर प्रकरण पेसोकडे, म्हणजे स्फोटकांचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे जातं, त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. तात्पुरत्या स्टॉलला साधारण १०० किलो फटाके आणि ५०० किलो फुलबाज्या-चायनीज क्रॅकर (हे नियमातलं नाव, चीनहून आलेला माल नव्हे) एवढीच मुभा असते, ट्रकभर माल बोलवायच्या आधी हा आकडा बघा.

कागदांचं म्हणाल तर आधार, पॅन, फोटो, चलन, प्रतिज्ञापत्र हे सोपं. पोलिसांची, अग्निशमनची आणि पालिका किंवा ग्रामपंचायतीची ना-हरकत लागते, जिल्ह्याप्रमाणे एखादा कागद इकडे तिकडे होतो, तेव्हा त्या वर्षीच्या जाहिरातीतली यादीच खरी धरा, मागच्या वर्षीची फाइल बघून कागद लावू नका. अडतं ते जागेच्या हक्काच्या कागदावर. शेतात किंवा रिकाम्या प्लॉटवर स्टॉल टाकायचा आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन बारा वर्षं झाली, वारस नोंद नाही, चुलते दोन पुण्यात आणि आत्या इंदूरला. संमतीपत्र द्यायचं कुणी? एका चुलत्याची सही आणून चालत नाही, नोंद असलेल्या सगळ्या हिस्सेदारांची लागते, आणि वारस नोंद काही दसरा-दिवाळीच्या मधे होत नाही. असं असेल तर ती जागा यंदा सोडा, पालिकेच्या मैदानावरचा गाळा घ्या.

आणि गाळा घेतला तरी दुसरा घोळ आहेच. पालिका लिलाव नाहीतर चिठ्ठ्या काढून गाळे देते, पैसे भरून पावती मिळते, आणि लोकांना वाटतं झालं, परवाना मिळाला. ती फक्त जागेची पावती आहे हो! परवाना वेगळा काढायचा, त्याच माणसाच्या नावाने. गाळा मेव्हण्याच्या नावावर लागला आणि परवाना स्वतःच्या नावाने मागितला असल्या फाइली दरवर्षी दोन-तीन येतात आणि दोन-तीन परत जातात.

पात्रतेत वय १८ पूर्ण हे सगळ्यांना माहीत असतं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात सहा महिने किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर सुटल्यावर पाच वर्षं परवाना नाही, हेही समजण्यासारखं आहे. पण चॅप्टर केसचं कुणाच्या ध्यानात नसतं. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत परवाना मिळत नाही. निवडणुकीच्या वर्षी मंडळाच्या पोरांकडून असे बाँड सर्रास घेतात, पोरं सही करून विसरतात, आणि पोलिसांच्या अहवालात ते बरोबर वर येतं. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने अर्ज करावा, पण मग गाळाही त्याच्याच नावाने घ्यावा लागतो आणि दुकानात बसायलाही तोच लागतो.

मुदतीचं वाचताना नीट वाचा. जाहिरातीत "अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख" लिहिलेली असते, लोक समजतात त्या दिवशी नुसता फॉर्म टाकला की झालं, ना-हरकती नंतर आणून देऊ. त्या दिवशी पूर्ण फाइल लागते. आणि अग्निशमनवाले जागा बघितल्याशिवाय सही करत नाहीत, त्यांच्याकडेही शंभर अर्ज, त्यात दसऱ्याची सुट्टी, शनिवार-रविवार, साहेब मीटिंगला. शेवटच्या तारखेच्या आधी तीन आठवडे सुरुवात केली तरच जमतं. आमच्याकडे शेवटच्या दिवशी साडेचारला येऊन "फक्त एक कागद राहिलाय" म्हणणाऱ्याचा तो एक कागद नेहमी ना-हरकतच असतो.

परवाना मिळाला की दर्शनी भागात लावा. लडी विकायला सुप्रीम कोर्टाची २०१८ पासून मनाई आहे, ऑनलाइन विक्रीला पण, तेव्हा व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन कुरिअरने पाठवायचं डोक्यात आणू नका. बेरियमवाला माल आणि परदेशी फटाके तर घेऊच नका, होलसेलर कितीही स्वस्तात देत असला तरी.

राहिलं उरलेल्या मालाचं. परवान्यावर तारखा लिहिलेल्या असतात, अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत, त्या संपल्या की तुमच्याकडची पेटी बेकायदा. तुळशीच्या लग्नाला खपेल म्हणून लोक घरात पलंगाखाली ठेवतात, वर गॅसची टाकी त्याच खोलीत. परतीचं बोलणं होलसेलरशी अॅडव्हान्स देतानाच करा, किती टक्के कापून घेणार, परतीचं भाडं कुणाचं, आणि हे सगळं बिलाच्या मागे त्याच्या सहीने लिहून घ्या, भाऊबीजेनंतर तो फोन उचलत नाही.