‘पाच वर्षे भरली नाहीत, मग ग्रॅच्युइटी कसली?’

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मागितली की हे वाक्य मालक वर्षानुवर्षे ऐकवत आले आहेत. ते अर्धेच खरे आहे. कामगाराचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे अपंगत्व आले, तर १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही पाच वर्षांची अट नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवरही हक्क मिळाला. कायम कामगाराने राजीनामा दिल्यास मात्र पाच वर्षे आजही लागतात. ‘आता सगळ्यांना एका वर्षात’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे.

हिशेब असा: शेवटचे मासिक वेतन (मूळ पगार आणि महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. वेतन २६,००० आणि करार दोन वर्षांचा असेल, तर ३०,००० रुपये. चूक बहुधा ‘वेतन’ धरताना होते. इतर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच मोजायचा. रक्कम ३० दिवसांत द्यायची; उशीर झाला की व्याज.