उंचीला आवर घालणारं जनुक

मूल उंच होतं ते हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेमुळे. तिथल्या पेशी विभागतात, फुगतात आणि हळूहळू त्यांची जागा हाड घेतं. ही वाढ बेफाम होऊ नये म्हणून शरीराने एक ब्रेक बसवलाय. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर असतं, नाव एफजीएफआर-3.

या जनुकावरून बनणारं प्रथिन पेशीच्या पटलात आरपार रुतलेलं असतं. बाहेरचं टोक वाढीचे संदेश देणारे रेणू पकडतं, आतलं टोक म्हणजे एक विकर (एन्झाइम). रेणू पकडला की दोन प्रथिनांची जोडी जमते, आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशीत आतपर्यंत निरोप जातो: आता पुरे. उंदरांमध्ये हे जनुक निकामी केलं तर त्यांची हाडं प्रमाणाबाहेर लांबतात.

याच्या उलटही घडतं. प्रथिनातल्या 380व्या जागी, नेमक्या पटलात रुतलेल्या भागात, ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन हे दुसरं आलं की निरोप गरजेपेक्षा जास्त जोरात जात राहतो. हातपाय आखूड राहतात, बुद्धीत मात्र काही उणं नसतं. हा अकॉन्ड्रोप्लेझिया. 1994 मध्ये त्याचं कारण सापडलं. खरी नवलाची गोष्ट अशी, की सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या आपल्या डीएनएमध्ये जवळपास सगळ्या रुग्णांत बदललेलं असतं ते हेच एक अक्षर!

यातली सुमारे 80 टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आपल्याकडे अशा वेळी पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहण पाळलं नसेल, काहीतरी खाल्लं असेल. पण हा नवा बदल जवळजवळ नेहमी बापाच्या शुक्राणूत झालेला असतो आणि बापाचं वय वाढतं तशी त्याची शक्यताही वाढते. कारण वृषणातल्या ज्या मूळ पेशीत हा बदल होतो, ती इतरांपेक्षा जोमाने वाढते. म्हणजे हाडात जो ब्रेक, तोच तिथे वाढीला जोर देतो. मूत्राशयाच्या अनेक कर्करोगांतही हे जनुक बदललेलं असतं आणि असंच वाढीला जोर देतं.

2021 मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्होसोरिटाइड हे औषध एफजीएफआर-3च्या प्रथिनाला हातच लावत नाही. ते पटलावरच्या दुसऱ्याच एका विकराला जागं करतं आणि ‘पुरे’चा निरोप आत जाताना वाटेतच अडवतं. इंजेक्शन मात्र रोज घ्यावं लागतं, आणि तेही हाडांच्या टोकांची कूर्चा शिल्लक आहे तोवरच. ती मिटली की या औषधाचा उंचीसाठी उपयोग नाही.